आज सोडा पांचट का लागतोय?

"मालक, परवा भारी होता ओ. आज जरा पांचट लागतोय."

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी शेवटी ते झोपेतही ऐकू यायला लागलं. दुकान सांगलीत, विश्रामबागला. दुकान म्हणजे काय, दहा बाय आठचा गाळा, पुढं पत्र्याची शेड आणि मधोमध ते सोडा फाउंटनचं मशिन. स्टीलचं, आठ नळांचं, वर लाल-हिरव्या दिव्यांची माळ. कोला, लिंबू, जिरा मसाला, ऑरेंज, काला खट्टा, आलं-लिंबू, साधा सोडा आणि आठव्या नळाला एक निळं काहीतरी. त्या निळ्याची चव नेमकी कशाची आहे हे भाच्यालाही सांगता येत नाही, पण शाळेची पोरं तेच मागतात.

तेच मशिन, तेच सिरप, तोच ग्लास, भरणारा हातही तोच. मग परवा भारी आणि आज पांचट, हे कसं? भाच्याचं उत्तर ठरलेलं होतं: "मामा, गिऱ्हाइकाच्या तोंडालाच चव नसंल." दुकानदाराला हे उत्तर सोयीचं आहे. पण मी तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली आहेत. हंगाम सुरू झाला की दिवस असो वा रात्र, ठरलेल्या वेळी रसाचा नमुना यायचा आणि आम्ही त्याचा ब्रिक्स काढायचो. उताऱ्यात, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यात, दशांश चिन्हानंतरचा आकडा हलला तरी वरून फोन यायचा. अशा माणसाला 'तोंडाला चव नसंल' हे उत्तर पचत नाही. घरी बायको म्हणते, तुमच्या हातात दिलं तर वरणाचाही ब्रिक्स काढाल. काढलाय एकदा, पण तो विषय वेगळा.

ब्रिक्स हा शब्द आमच्या जिल्ह्यात इंग्रजी राहिलेलाच नाही. ॲडॉल्फ ब्रिक्स नावाचा एकोणिसाव्या शतकातला जर्मन गणितज्ञ. द्रावणाच्या शंभर ग्रॅममध्ये साखर किती ग्रॅम, हे सांगणारं माप त्याच्या नावानं चालतं. तासगावकडचा द्राक्षवाला बागेत मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या छोट्या दुर्बिणीसारख्या नळीवर, थेंब टाकतो, उजेडाकडं तोंड करून एक डोळा मिटतो आणि म्हणतो, "अठरा आला. आता व्यापाऱ्याला बोलवा." ऊसवाल्याला वीस-बावीस दिसले की बरं वाटतं. कोलासारख्या पेयात हाच आकडा साडेदहा-अकराच्या घरात असतो, म्हणजे चांगल्या पिकलेल्या उसाच्या रसाच्या निम्मा. मी माझा जुना हातातला रिफ्रॅक्टोमीटर कपाटातून काढला, काच पुसली आणि दुकानात जाऊन बसलो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. काचेवर सोड्याचा थेंब टाकला तर आत बुडबुडे, रेघ काही स्थिर होईना. मग आठवलं, आधी गॅस काढायला हवा. दोन स्टीलचे पेले घेतले आणि यातून त्यात, त्यातून यात असा सोडा ओतत बसलो. चहावाल्यासारखा. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. भाचा लाजेनं मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. पण गंमत बघा, १७६७ साली इंग्लंडात लीड्स गावी जोसेफ प्रीस्टलीनं नेमकं हेच उलट्या कामासाठी केलं होतं. त्याच्या घराशेजारी बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिपांवर जड हवेचा थर तरंगत राहतो हे त्याच्या लक्षात आलं. त्या थरात हात धरून तो एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत राहिला आणि पाण्याला चुरचुर आली. माणसानं केलेला सोडा तो. १७७२ मध्ये त्यानं याची रीत छापून टाकली. पैसे केले ते दुसऱ्यांनी. तो ओतून गॅस भरत होता, मी ओतून काढत होतो.

आता मशिनच्या पोटात काय चालतं ते सांगतो, कारण निम्मी गिऱ्हाइकं समजतात की आत आठ टाक्यांमध्ये आठ प्रकारचा तयार सोडा भरून ठेवलाय. तसं काही नाही. आत तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: पाणी, गॅस आणि सिरप. पाणी आधी गार होतं. मग पंप ते दाबानं एका छोट्या स्टीलच्या टाकीत मारतो. त्या टाकीत सिलिंडरमधून आलेला कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो, साधारण सत्तर ते शंभर पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पौंड दाब. आमचा मेकॅनिक त्याला 'पौंड' म्हणतो. तिथं गॅस पाण्यात मुरतो. ही टाकी म्हणजे कार्बोनेटर. सिरप मात्र आपल्या नळीतून वेगळंच येतं. तुम्ही नळ दाबला की सोडा आणि सिरप तोटीच्या तोंडाशी पहिल्यांदा एकमेकांना भेटतात, आणि त्यांचं लग्न तुमच्या ग्लासात लागतं. पेय तयार होतं ते तुमच्या डोळ्यांदेखत. बाटलीतल्या पेयाचं तसं नसतं. तिथं हे सगळं कारखान्यात होऊन गेलेलं असतं, आकडे तपासून, बूच लावून. फाउंटनमध्ये कारखान्याचं शेवटचं काम रस्त्यावरच्या माणसावर सोडलेलं असतं. आमच्याकडं ते काम माझ्या भाच्यावर सोडलेलं होतं. तो बी.कॉम. आहे.

आणि बाटली आधी, फाउंटन नंतर असंही नाही. १८८६ मध्ये अटलांटाच्या एका औषधाच्या दुकानात कोका-कोला पहिल्यांदा विकलं गेलं ते फाउंटनवरच, पाच सेंटला ग्लास. सिरप आधी, वर सोडा. बाटलीत ते काही वर्षांनी शिरलं. म्हणजे ग्लासागणिक चव बदलण्याची तक्रार बाटलीपेक्षा जुनी असणार.

पुण्यात मुलीकडं गेलो तेव्हा एका मोठ्या साखळीच्या बर्गरच्या दुकानात मी काउंटरवरच्या पोराला गोडीगुलाबीनं विचारलं आणि त्यानं मला मागची खोली दाखवली. मुलगी म्हणाली, बाबा, प्लीज. मागं पुठ्ठ्याची खोकी एकावर एक, प्रत्येक खोक्यात सिरपची जाड प्लास्टिकची पिशवी, पिशवीला नळी. एक भाग सिरपला पाच भाग सोडा, हे कोलाचं नेहमीचं प्रमाण. ते बरोबर आहे का हे बघायला एक खणांचा कप असतो: तोटीला एक जोड लावतात, त्यामुळं सिरप एका खणात आणि सोडा दुसऱ्या खणात पडतो. दोन्हीकडची पातळी एका रेषेत आली की प्रमाण जमलं. नाही आली, तर वॉल्व्हचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा. बस, एवढंच. या अर्ध्या आट्यात काय होतं ते कागदावर मांडून बघा. एकास पाच असताना शंभर मिलीमध्ये साडेदहा ग्रॅम साखर असेल, तर एकास सहा झाल्यावर ती नवावर येते. एकास चार झालं तर साडेबारा. जिभेला दोन्ही कळतात. त्याच साखळीच्या दुसऱ्या दुकानात, दोन किलोमीटरवर, मी तेच पेय प्यायलो आणि ते उसळून गोड लागलं. नाव एक, खोकं एक, स्क्रू वेगळा.

आमच्याकडं खोकी नव्हती. मशिन विकणाऱ्यानं भाच्याला वासाचे अर्क दिले होते आणि एका झेरॉक्सवर कृती: एवढी साखर, एवढं पाणी, उकळा, गार करा, अर्क घाला. पाक घरी व्हायचा. इथं मला पहिला चोर सापडला, आणि तो माझ्याच रक्ताचा निघाला. सोमवार ते गुरुवार पाक माझी बहीण करायची. शुक्रवारपासून भाचा. बहिणीच्या हाताला गुलाबजामच्या पाकाची सवय. 'एकतारी आला की उतरवायचा' हे तिच्या बोटांना माहीत. ती तसाच, जरा जास्त आटवून उतरवायची. भाचा मोबाइल बघत पाच मिनिटं आधीच गॅस बंद करायचा. मी दोघांचे नमुने घेतले: बहिणीचा पाक चौसष्ट ब्रिक्स, भाच्याचा छप्पन्न. मग 'परवा भारी' म्हणजे कोणता वार, हे मी वहीत लिहायला लागलो. बहिणीला हे सांगितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "म्हणजे माझाच भारी होता की."

वजन करून साखर घ्या, आटवू नका, रिफ्रॅक्टोमीटरवर बघून उतरवा, असा नियम झाला. मला वाटलं, संपलं. पण वही काही वेगळंच सांगत होती. आता पाक तोच असूनही सकाळी अकराला सोडा फिका, दुपारी तीनला गोड आणि रात्री आठला बिनगॅसचा.

दुपारच्या गोडीचं कारण मला खरं तर पहिल्या मिनिटाला कळायला हवं होतं. ज्याचा जन्म मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या दाट काळ्या पाकाच्या, नळ्यांशी भांडण्यात गेला त्याला हे सुचू नये, याची मला अजून लाज वाटते. पाक गार असला की दाट असतो, तापला की पातळ. साठ टक्के साखरेचा पाक वीस अंशांवर जेवढा घट्ट वाहतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी घट्ट तो चाळीस अंशांवर असतो. सिरपचे डबे गाळ्याच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेले. एप्रिलात सांगलीची दुपार चाळिशीला टेकते, त्यात ती भिंत तापलेली. वॉल्व्हचं भोक तेवढंच, पण पाक पातळ, म्हणून एका दाबात जास्त पडणार. सकाळी तोच पाक आळसावलेला, कमी पडणार. मोठ्या कंपन्यांच्या मशिनमध्ये हे सांभाळायला वॉल्व्हमध्ये स्प्रिंग आणि पिस्टन असतात. आमच्यात एक स्क्रू होता. डबे पूर्वेच्या भिंतीला, ओल्या गोणपाटाखाली हलवले. खर्च शून्य.

रात्रीचा प्रश्न अवघड होता, कारण तो गॅसचा होता. गॅस आणि उष्णता यांचं जमत नाही. साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे पावणेदोन लिटर कार्बन डायऑक्साइड मुरतो. पंचवीस अंशांना जेमतेम पाऊण लिटर. म्हणजे सोड्यातली सगळी ताकद गारव्यात आहे. संध्याकाळी सातनंतर क्लासेस सुटतात, बागेत आलेली माणसं परततात, आणि आठ नळांवर आठ हात. मशिनचा कूलर बिचारा तासाला ठरावीक पाणी गार करू शकतो. त्याच्यापेक्षा जास्त ग्लास गेले की कोमट पाणी कार्बोनेटरमध्ये शिरतं, गॅस धरत नाही, आणि तोटीतून बाहेर पडताना जो थोडा धरलेला असतो तोही फेसाच्या रूपानं पळून जातो. गिऱ्हाइकाला ग्लासभर फेस दिसतो, त्याला वाटतं आज गॅस जास्त आहे. फेस बसला की खाली अर्धा ग्लास गोड पाणी. फेस हा आत राहिलेला गॅस नाही, बाहेर निघालेला गॅस आहे, हे मी किती जणांना सांगितलं! एकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. पण फेस जरा जास्त मारा."

मग भाचा बर्फ घालायचा. बर्फ हा दुसरा चोर. दोनशे मिली सोडा पंचवीस अंशांचा असेल आणि तो पाच अंशांवर आणायचा असेल तर जवळजवळ पन्नास ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ऐंशी कॅलरी, हा साधा शाळेतला हिशेब. म्हणजे दोनशेचे अडीचशे झाले, साखर साडेदहाची साडेआठ झाली. पांचट! तेच पेय नळातूनच पाच अंशांचं आलं असतं, तर बर्फ नुसता शोभेला तरंगत राहिला असता. ज्या दुकानात बर्फ लवकर विरघळतो तिथला बर्फ खराब नसतो, तिथला सोडा कोमट असतो.

आणि सिलिंडर. त्याच्यावर एक काटा असतो आणि दुकानदार त्या काट्यावर देवासारखा विश्वास ठेवतात. भाचाही ठेवायचा. "मामा, आठशेवर आहे की, भरलाय." पण सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवाच्या रूपात भरलेला असतो. आत द्रवाचा थोडा तरी अंश शिल्लक असेपर्यंत वरचा दाब फक्त तापमानावर ठरतो. वीस अंशांना आठशेच्या वर पीएसआय, मग आत वीस किलो असो की दोन. द्रव संपला की काटा एकदम खाली येतो आणि मग थोड्याच ग्लासांत सगळं आटपतं. म्हणून मी त्याला म्हटलं, "लेका, हा काटा गॅस किती उरलाय ते सांगत नाही. बाहेर ऊन किती आहे ते सांगतो. गॅस बघायचा तर सिलिंडर काट्यावर ठेव, वजनाच्या." तेव्हापासून शेजारच्या भंगारवाल्याचा वजनकाटा आठवड्यातून एकदा आमच्याकडं येतो आणि बदल्यात त्याला दोन जिरा मसाला जातात.

हा गॅस येतो कुठून, हेही मला आवडणारं प्रकरण आहे. मळी आंबवून अल्कोहोल करताना यीस्ट साखरेचे जवळजवळ दोन सारखे वाटे करतं. १८० किलो ग्लुकोजचं हिशेबानं ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड. काही डिस्टिलऱ्या तो गॅस धरून, धुऊन, दाबून सिलिंडरमध्ये भरतात. म्हणजे एखाद्या ग्लासात साखरही उसाची आणि चुरचुरही उसाची, असं होऊ शकतं. प्रीस्टलीच्या पिपावरचाही तोच गॅस होता.

माझ्या लहानपणी यातलं काही नव्हतं. माझ्या मामांचा गणपती पेठेमागं गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक अंधारी खोली, एक सिलिंडर आणि लोखंडी पिंजऱ्यात बाटल्या अडकवून हातानं फिरवायचं चाक. त्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये घेतलं होतं, हे मला खूप नंतर कळलं. आम्हाला ती मामांनीच शोधली असं वाटायचं. पाणी भरायचं, बाटली उलटी अडकवायची, चाक फिरवायचं. आत गॅस दाबला गेला की काचेची गोटी तोंडाशी येऊन रबरी वायसरवर घट्ट बसायची. आतल्या गॅसनंच स्वतःचं दार लावून घ्यायचं, अशी ती युक्ती. कधीतरी बाटली फुटायची, म्हणून पिंजरा. तरी मामांच्या मनगटावर एक पांढरा व्रण होता आणि विचारलं की ते म्हणायचे, "लिंबू चावला."

मामांच्या सोड्याची चव रोज वेगळी असायची आणि त्याबद्दल कुणी तक्रार केलेली मला आठवत नाही. सकाळच्या बाटल्या कडक, दुपारच्या सैल. जाणकार गिऱ्हाईक सकाळी यायचं. "मामा, पहिल्या हाताचा द्या," म्हणायचं. आज ज्याला आपण दोष म्हणतो त्याची त्यांना वेळ माहीत होती.

पण मामांच्या सोड्यात एक गोष्ट कायम चांगली होती, आणि ती शोधायला मला पावसाळा उजाडावा लागला. पाणी. ते नदीचं पाणी वापरायचे. भाचा बोअरचं वापरत होता.

सांगलीला पाण्याचं कौतुक सांगावं लागत नाही. इथं कृष्णा, हरिपूरला वारणेचा संगम. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. तीन वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, हेच पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. म्हणजे आमच्याकडं पाणी एकतर दुसऱ्याला देण्याइतकं असतं नाहीतर पळून जाण्याइतकं. पण जमिनीखालचं पाणी वेगळं. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून कृष्णाकाठी जमिनी क्षारपड झाल्या, आणि कितीतरी बोअरचं पाणी मचूळ. आमच्या बोअरचंही तसंच. पिताना फारसं जाणवत नाही, पण लिंबू सोड्याला ते कळतं.

कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, आम्ही रोज काढायचो. तेच इथं केलं, मिथिल ऑरेंज या रंग बदलणाऱ्या रसायनाचे दोन थेंब टाकून. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. खायचा सोडा लिंबाच्या पाण्यात चिमूटभर टाकला तर आंबटपणा कसा मरतो? तसंच. लिंबू सिरपमधल्या सायट्रिक आम्लाचा एक हिस्सा पाण्याशी भांडण्यातच खर्ची पडत होता. भाचा आंबट कमी लागतं म्हणून अर्क वाढवायचा, मग वास जास्त आणि आंबट तेवढंच, साबणासारखं काहीतरी. जिरा मसाल्यात मीठ-मसाल्याखाली हे सगळं झाकलं जायचं, म्हणून जिरा मसाल्याची तक्रार कधी आली नाही. चाणाक्ष माणसानं अनोळखी गावात जिरा मसालाच मागावा.

मग नळाचं पाणी घेतलं तर दुसरं संकट. पावसाळ्यात नदी गढूळ होते, पाण्यात तुरटी आणि क्लोरीन वाढतं, आणि कोलाचा पहिला घोट नाकात ब्लीचिंग पावडर आणून सोडतो. बुडबुडा फुटताना वास वर घेऊन येतो, चांगला असो वा वाईट. शेवटी आरओ बसवला, त्याच्या आधी कोळशाचं फिल्टर. क्लोरीन कोळसा धरतो. बसवून देणारा पहिल्या दिवशी कोळशाचं फिल्टर जोडायलाच विसरला आणि वर 'सेट व्हायला आठ दिवस लागतात' असं सांगून गेला. आठ दिवस क्लोरीन पिऊन आम्हीच सेट झालो.

जिभेचं सांगायचं राहिलं. सोड्याचा झणका बुडबुड्यांचा असतो असं मीही समजत होतो. तो मुख्यतः आम्लाचा आहे. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर (एन्झाइम) असतं, ते गॅसचं तिथल्या तिथं आम्ल करून टाकतं. उंदरांवरचं हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढं माणसांना दाबाच्या खोलीत बसवून, जिथं बुडबुडा फुटूच शकत नाही अशा ठिकाणी, सोडा पाजून पाहिला, तर झणका तसाच लागला. आणि गारव्यानं जिभेला गोड कमी कळतं. म्हणून कोमट झालेला तोच कोला एकदम पाकासारखा लागतो. साखर एक कणही वाढलेली नसते. याचा अर्थ भाच्याचं पहिलं उत्तर अगदीच खोटं नव्हतं. उन्हातून आलेलं तोंड, नुकतंच तिखट भडंग खाल्लेलं तोंड आणि आइस्क्रीम खाऊन आलेलं तोंड एकच ग्लास तीन प्रकारे पितात. पण हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरपर्यंत सगळं बसलं. पाक वजनावर, डबे सावलीत, गर्दीच्या आधी अर्धा तास कूलर पूर्ण गार, रात्री तोट्या काढून गरम पाण्यात. (ऑरेंजची नळी एकदा जिऱ्याला लावली होती, चार दिवस धुतली तरी जिऱ्याला संत्र्याचा वास. नळी फेकून दिली.) सकाळी, दुपारी, रात्री, तीन नमुने: १०.६, १०.७, १०.६. लॅबमध्ये असे आकडे आले असते तर मी पेढे वाटले असते.

त्याच आठवड्यात रिक्षावाले काका आले. रोज दुपारी तीनला येणारे. एक घोट घेतला, ग्लासाकडं पाहिलं.

"काय झालं ओ? आधी गोड असायचा."

मी त्यांना वही दाखवली नाही. सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांची तक्रार उलटी: "हल्ली साखर वाढवलीत तुम्ही. पूर्वी कसा हलका असायचा." दोघंही खरं बोलत होते. एकाला तापलेल्या भिंतीची चव लागली होती, दुसऱ्याला गार पाकाची. रात्रीच्या कॉलेजच्या पोरांनी तर स्पष्टच विचारलं, "दादा, फेस कमी का केला?"

मी आकड्यांवर अडून बसलो. भाचा काही बोलला नाही. आठवड्याभरानं दुपारी तीनला मी सहज कोलाच्या नळाखाली पेला धरला, दोन पेल्यांत ओतून गॅस काढला, काचेवर थेंब टाकला. १२.३. वॉल्व्हच्या स्क्रूवर ताजा ओरखडा होता. रिक्षा समोरच उभी होती.

"सहाला परत फिरवतो मी," तो म्हणाला. "अर्धाच आटा."

मी वहीत १२.३ लिहिलं आणि पुढं कंसात 'रिक्षा' असं टिपलं. यंदाच्या फेब्रुवारीत एका सकाळी दुकान उघडताना त्यानं सिलिंडरच्या काट्याकडं वाकून पाहिलं, शटर आणखी थोडं वर सारलं, आणि डबे ठेवलेल्या भिंतीवरचं गोणपाट ओलं करायला बादली उचलली.

"मामा, आज ऊन लई असणार बघा."